आबांच्या पसंतीची फळी

"हेची नाळ बघ," आबा म्हणाले. "नाळ अशी होयी."

जुने सर्फबोर्ड विकणाऱ्या काजितानच्या परसात दोन लाँगबोर्ड, म्हणजे लांब फळ्या, माडाला टेकवून उभे केले होते आणि आबा त्यातल्या निळ्याच्या टोकावरून तळहात फिरवत होते. होडीचं पुढचं टोक म्हणजे नाळ. सर्फबोर्डाच्या टोकाला कुणी नाळ म्हणत नाही, पण हे माझ्या वडिलांना, आबांना, सांगणार कोण? त्यांनी जन्मभर होड्याच निवडल्या होत्या. बायकोसुद्धा त्यांच्या आईनं निवडली, तेव्हा हे दर्यात होते. आता ते एक डोळा मिटून निळ्याच्या कडेला गाल लावत, लांबवर नजर टाकत, मग उठून चार पावलं मागे जात, की परत येऊन गाल लावत. एका जागी स्वस्थ उभे राहतील तर शपथ.

निळ्याची नाळ होती खरी देखणी. झोकात वर उचललेली, नव्या होडीची असते तशी. शेजारचा पिवळा म्हणजे निव्वळ पाट. पुढून रुंद, बोथट, सपाट, उन्हानं रंग विटलेला आणि पोटावर एक ठिगळ. कुणी परदेशी पाहुणा गाव सोडताना तो काजितानच्या गळ्यात मारून गेला होता.

मला तो पिवळा हवा होता.

का, ते आधी सांगते. लाँगबोर्डवर उभं राहून किनाऱ्याला लागणं चार दिवसांत कुणालाही जमतं. पण लाट धरली की फळीवरून एकेक पाऊल टाकत पुढे जायचं, पार टोकापर्यंत, आणि पायाची बोटं टोकाबाहेर काढून उभं राहायचं, हे ज्याला जमलं त्यालाच लाँगबोर्ड आला म्हणायचं. बोटांखाली तेव्हा फळी नसते, नुसतं धावतं पाणी असतं. त्यासाठी टोक रुंद आणि सपाट लागतं, म्हणजे पाणी ते खालून उचलून धरतं. वर वळलेलं टोक उंच, खड्या लाटेला उपयोगी. त्यावर जाऊन उभं राहिलं की ते पाण्यात रुततं आणि माणूस डोक्यावर पडतो. हे मला पाठ होतं. गोव्यातल्या एका किनाऱ्यावर दोन मोसम दुसऱ्यांचे लाँगबोर्ड मागून मागून मी हेच शिकले होते.

माझ्याकडे तोवर पाच बोर्ड जमले होते, सगळे आखूड. पाचही दुसऱ्यांनी टाकलेले. एक मधोमध मोडलेला, तो होडीला लावतात त्या फायबरनं सांधून घेतला होता. एकाचं शेपूट कुत्र्यानं चावलेलं. एक तर इतका बारका की आये त्याला इस्त्रीचं टेबल म्हणायची, आणि पाहुणे आले की खरंच त्यावर कपडे घड्या घालून ठेवायची. आमच्या मांगरात, जिथे पूर्वी आबांची होडी पावसाळ्यात झाकून ठेवत, तिथे मी ते भिंतीला ओळीनं लावले होते. गावात त्याला मयुराची दुकानदारी म्हणत. पण वेंगुर्ल्याच्या अलीकडची आमची लाट म्हणजे गाभण म्हैस. सावकाश येते, सावकाश मोडते. आखूड बोर्ड त्या लाटेवर नुसता बसतो. मला लांब फळी हवी होती, आणि ती दिवाळीनंतरच्या पर्यटन महोत्सवाच्या आत हवी होती, कारण तिथे पहिल्यांदाच मुलींची लाँगबोर्डची स्पर्धा ठेवली होती.

हे झालं फळीचं. पण त्या दिवशी माझा जीव फळीत नव्हता, आबांत होता.

आबांची होडी तीन वर्षांपूर्वी बंदराच्या तोंडाशी कवड्याच्या खडपावर, पाण्याखालच्या खडकांवर, फुटली. माणसं वाचली, होडी गेली. इंजिन बंद पडलं, असं आबांनी सांगितलं आणि गावानं मानलं. तेव्हापासून जगन्नाथ तांडेल, तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, दर्यावर गेला नाही. नुसता गेला नाही असं नाही, त्यानं दर्याकडे बघायचंही सोडलं. ओटीवर बसायचे तर भिंतीकडे तोंड करून. बसायचे तरी कुठे? उठून विहिरीपर्यंत जायचे, कळशी न भरताच परत यायचे. दुसऱ्यांची जाळी विणायला आणायचे आणि अर्धी टाकून द्यायचे. आये म्हणायची, "ह्या माणसाक खंय तरी बांदून घाल गे, माझो जीव फिराक लागलो."

आणि मी रोज त्याच दर्यात. पाच वर्षांत आबा मला बघायला एकदाही किनाऱ्यावर आले नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाण्यात खेळता." मला हे किती लागायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा वाळूत उभं राहून मला लाटेवर बघावं आणि हे खेळणं नाही असं म्हणावं. बाकी जगानं काय म्हणायचं ते म्हणो.

तर जेवताना मी सहज बोलून गेले, की लांब फळी बघायला जाते आहे. आबांनी मान वर केली.

"किती लांब?"

"नऊ फूट."

"म्हणजे बारीक पात झाली ती." पात म्हणजे लहान होडी. मग भाताचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "थांब. मीय येतंय."

आयेच्या हातातला डाव आमटीत पडला.

असे आम्ही काजितानच्या परसात पोचलो होतो. वाटेत टेम्पोमध्ये आबांनी तीन वर्षांत मिळून बोलले नसतील इतकं बोलून घेतलं. होडी कशी बघावी, नाळ कशी असावी, बसक्या नाळेच्या होडीनं कुणाकुणाला कसं बुडवलं. त्यांचा चेहरा उजळला होता. मी नुसती मान हलवत होते.

काजितान बिचारा आमच्यामागे कोकमाचे पेले घेऊन फिरत होता. सीमेपलीकडचा, गोव्याचा माणूस, मोठा सालस. त्यानं दोन्ही बोर्डांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पिवळ्याच्या टोकाशी दोनदा जाऊन आले होते हे त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"तांडेल, फळयेचेर उबी ही रावतली," तो म्हणाला. "तिका विचारूंया मरे."

"इचार की," आबा म्हणाले. "सांग गो. ह्या फळकूट होयां तुका?" आणि त्यांनी पिवळ्याला पायानं हलकं ढोसलं. "हेका नाळच नाय. तोंडार आपटलेलां दिसता. पयल्याच लाटेक पाणी पितलां."

"बाय?" काजितानानं विचारलं.

आबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा हात अजून निळ्याच्या टोकावर होता, आणि ते हसत होते. किती दिवसांनी हसत होते. मी म्हणू शकले असते, की आबा, बोर्डाचं उलटं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ते परत भिंतीकडे तोंड करून बसले तर?

"निळोच बरो," मी म्हटलं.

काजितानानं कोकमाचा पेला माझ्या हातात दिला आणि दोरी आणायला गेला.

घरी आल्यावर निळ्याची जी सरबराई झाली ती माझ्या पाच अनाथ बोर्डांनी आ वासून पाहिली असेल. आबांनी मांगर झाडून काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बोर्ड आडवा ठेवलेला, टोकावर हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि समोर नारळ. आमच्या घरात नवी होडी पाण्यात घालताना नाळेची पूजा होते. तिथे देवीचा वास, म्हणून नाळेवर पाय द्यायचा नाही. चढायचं ते बाजूनं. खलाशानं चुकून पाय ठेवला तर आबा त्याला तिथल्या तिथे उतरवत. लहानपणी मी एकदा नाळेवर चढून बसले होते, तेव्हा मला जी थप्पड बसली तिचा आवाज शेजारच्या वाडीत गेला होता असं आये अजून सांगते.

आबांनी नारळ फोडला, पाणी शिंपडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाकी खंयय नाच. हंय पाय नको."

एवढी नऊ फूट फळी, आणि जिथे जाण्यासाठी ती घेतली नेमकी तीच वीतभर जागा माझ्यासाठी बंद झाली. मी "होय" म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

आणि गंमत बघा, आबा किनाऱ्यावर येऊ लागले. मला हवं होतं तेच झालं. पहिल्या दिवशी सुरूच्या झाडांआड उभे राहिले, चोरासारखे. दुसऱ्या दिवशी पुढे आले. आठवड्याभरात लुंगी वर खोचून घोटाभर पाण्यात उभे राहून ओरडू लागले, "ती नको! ती पोकळ आसा! मागची घे!" आणि मागची लाट खरोखरच चांगली निघायची. लाट ओळखण्यात त्यांना तोड नव्हती. मी ती धरायची, उभी राहायची आणि फळीच्या मध्यावर खांबासारखी ताठ उभी राहून किनाऱ्याला लागायची. पाय पुढे जायला बघायचे, मी त्यांना मागे ओढायची.

"बरां जमता तुका," आबा एकदा म्हणाले. ज्या शब्दांसाठी मी पाच वर्षं तरसले होते ते शब्द आले, आणि मला एवढंसं बरं वाटलं नाही. घरी आले आणि मांगरात उगाच पाचही बोर्ड काढून पुन्हा ओळीनं लावत बसले. पुन्हा काढले, पुन्हा लावले.

"बापाशीची लागण झाली काय गे तुका?" आयेनं विचारलं.

"काय नाय."

"काय नाय कसां? तो सुधारलो आणि तू फिराक लागलंस."

स्पर्धेच्या सकाळी लाट सुरेख होती. कमरेएवढी, सावकाश, एकीमागून एक येणारी. किनाऱ्यावर मांडव, पताका, भोंगा, सोलकढीचे ठेले, आणि बायकापोरांसकट निम्मं गाव. आबांनी ठेवणीतला पांढरा सदरा घातला होता आणि ते दिसेल त्याला धरून सांगत होते, "ती निळी बघा. नाळ बघा तिची." मला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

माझ्याबरोबर पाण्यात तिघी होत्या. दोघी दक्षिणेकडून आलेल्या, एक गोव्याची. गोव्याच्या मुलीनं पहिलीच लाट धरली, तीन पावलं टाकली आणि टोकावर जाऊन दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली. ओट्यावर उभी राहिल्यासारखी. किनाऱ्यावरून शिट्ट्या आल्या. भोंग्यावरचा माणूस चेकाळून काहीतरी ओरडला.

मी दोन लाटा घेतल्या. दोन्ही मध्यावर उभी राहून. तिसरी घेतली, तीही तशीच. शिट्टी नाही, काही नाही. गुण कसे जात असतील ते मला तिथूनच कळत होतं. वेळ संपत आली. मी बोर्डवर बसून किनाऱ्याकडे पाहिलं. पांढरा सदरा गुडघाभर पाण्यात आला होता आणि हात वर करून खुणावत होता, मागची घे, मागची.

मागची आली. तशी लाट आमच्याकडे मोसमात एखादीच येते. मी वळले, चार हात मारले आणि उभी राहिले. निळा सुरेख सुटला. आणि मग माझे पाय निघाले. मी निघाले असं मी म्हणत नाही, पायच निघाले. एक पाऊल, दुसरं, तिसरं. डोक्यात फक्त एवढं होतं, की आता आबा बघतायत. आणि माझा उजवा पाय नाळेवर पडला.

पुढचं पाठच होतं. वर वळलेलं टोक माझ्या भारानं खाली आलं, समोरचं पाणी त्यावर चढलं, फळी जागच्या जागी अडली, मागचं शेपूट उठलं आणि मी डोक्यावर. नाकातोंडात पाणी, वाळू, आणि वरून ती नऊ फुटांची पात. पायाला बांधलेल्या दोरीनं ती फरफटत माझ्यामागून आली आणि आम्ही दोघी एकदमच किनाऱ्याला लागलो.

मी चौथी आले. चौघींत चौथी.

आबा वाळूत उभे होते. मी बोर्ड बगलेत घेऊन त्यांच्यासमोर गेले आणि थप्पड बसेल असं धरूनच उभी राहिले. मी सत्तावीस वर्षांची होते, पण त्या क्षणी मला गाल आत ओढून घ्यावासा वाटला.

त्यांनी नाळेकडे पाहिलं. मग गोव्याच्या मुलीच्या बोर्डाकडे पाहिलं. तो वाळूत पालथा पडला होता, रुंद, सपाट, बोथट तोंडाचा. पुन्हा निळ्याकडे.

"काजितानाकडचां ता पिवळां," ते सावकाश म्हणाले. "ता असां बुडलां असतां?"

"नाय."

"ता तिच्यासारखां रवलां असतां? पाण्यार?"

"होय."

"तुका ह्या तेव्हा म्हायत होतां?"

मांडवात कुणीतरी माझं नाव चुकीचं वाचत होतं.

"मयुरा, मी इचारतंय. थंय, परसात. तुका म्हायत होतां?"

"होय आबा."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी... तुमी किती दिवसान हसत होतास," मी म्हटलं. "तुमका बरां वाटत होतां. म्हणान."

मला वाटलं ते विरघळतील. कुणाचाही बाप विरघळला असता. आबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्यांनी माझा दंड असा धरला की बोर्ड बगलेतून पडला.

"माका बरां वाटूचां म्हणान तू खडप दिसत असतानाय गप रवलंस?"

"आबा, फळीच ती. खडप खंय..."

"गप!" त्यांचा आवाज फाटला. आजूबाजूची चार माणसं वळून बघू लागली. त्यांनी माझा दंड सोडला, दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा गेले. मग जवळ येऊन, दर्याकडे बघत, अगदी हळू म्हणाले, "इंजिन बंद पडलां नव्हतां."

"कधी?" मी विचारलं.

"त्या दिवशी. इंजिन चालू होतां, बरां चालू होतां. माका बंदराक पयलां पोचूचां होतां. मी होडी खडपाच्या आतसून घातलंय. दरसाल घालतंय, माका काय तां म्हायत नाय? पण भरती उतरली होती. माझो अंदाज चुकलो. गुणाजी पुढे होतो."

गुणाजी म्हणजे माझा चुलतभाऊ. आबांच्या होडीवर तो मिसरूड फुटायच्या आधीपासून होता. होडी गेल्यावर तो बांधकामावर कुडाळला गेला आणि आमच्या घरी यायचा थांबला. आम्हाला वाटायचं, काम जास्त असेल.

"तेका फेस दिसलो. तेना वळून माझ्याकडे बघल्यान, तोंड उघडल्यान, आणि मिटल्यान. मी बघलंय मयुरा. तेचां उघडलेलां तोंड मी बघलंय. आणि मनात म्हटलंय, ह्यो पोर माका काय सांगतलो?" ते पुन्हा दोन पावलं जाऊन परत आले. "तेची चूक नाय. मी जन्मात कोणाक माझ्या होडीर बोलूक दिलंय? नाळेर पाय दिलो म्हणान उतरवलंय लोकांका. तांडेलाक कोणी सांगूचां नाय, ह्या तेका मीच शिकवलंय. माझीच शिकवण घेवन तो गप रवलो."

आता मला कळलं, की तीन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून कुणाला टाळत होते. दर्याला नाही, त्या उघडून मिटलेल्या तोंडाला. माझे डोळे भरून आले, पण आबांना रडणं चालणारं नव्हतं. त्यांनी मला खांद्याला धरून स्वतःकडे वळवलं.

"आता सांग."

"काय?"

"परसात सांगूचां होतां तां. आता सांग. मी निळ्यार हात ठेवन उभो आसंय."

"आबा, होवंदे आता..."

"सांग!"

"आबा," मी म्हटलं, "ह्यो नको. तुमचां चुकता."

"आयकाक नाय इलां."

"आबा, तुमचां चुकता."

"मोठ्यान. इंजिनाच्या आवाजात तांडेलाक आयकाक येवक होयां."

मी अवतीभवती पाहिलं. मांडव भरलेला, भोंगा चालू, परीक्षक टेबलाशी, गोव्याची मुलगी बक्षिसाची वाट बघत उभी. लोक काय म्हणतील, असं काहीतरी मनात आलं आणि गेलं. मी छातीत हवा भरली आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आबा, तुमचां चुकता! ह्यो नको! आबा, फिरवा!"

'फिरवा' का म्हटलं, मला माहीत नाही. परसात ते सांगायचं नव्हतंच. भोंगा बंद पडला. सगळा किनारा आमच्याकडे बघू लागला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचे ओठ हलले, काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी नाकावरून हात फिरवला, खाली वाकून वाळूत पडलेला निळा उचलला आणि म्हणाले, "चल. काजितान जेवक बसात, तेच्या आधी जावया."

"आताच?"

"मगे काय मुहूर्त काढूचो?"

बक्षीस समारंभ सोडून आम्ही निघालो. वाटेत एका तिठ्यावर आबांनी टेम्पो थांबवायला लावला, गुणाजीला फोन केला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ बोलत राहिले. काय बोलले ते मी ऐकलं नाही. परत आले तेव्हा डोळे लाल होते आणि टेम्पोवाल्याला उगाचच ओरडले, की नीट चालव.

काजितान पानावर बसला होता. तसाच उष्ट्या हातानं बाहेर आला. पिवळा अजून त्याच माडाला टेकलेला होता. कोण नेणार होतं त्याला! मी सरळ गेले, तो आडवा केला, टोकावर दोन्ही तळहात टेकून भार दिला, पोटावरचं ठिगळ चाचपलं, आणि उभी राहिले.

"ह्यो," मी म्हटलं.

काजितानानं सवयीनं आबांकडे पाहिलं. आबा फाटकाशी उभे होते. पिवळ्याकडे बघून त्यांचं तोंड कडू झालं होतं, ते लपवण्याची त्यांनी काही तसदी घेतली नाही.

"तांडेल, तुमकां बरो दिसता न्हू?"

"दळभद्री दिसता," आबा म्हणाले. मग पुढे आले, पिवळ्याचं मागचं टोक धरलं आणि मी पुढचं धरायची वाट बघत थांबले. "पण माका कित्याक इचारतंस? मी उचलूक इलंय."